बोट गेले, नाव कुठे आहे?

माझ्या वर्गात एक मुलगा डाव्या हाताने लिहीत असे. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे. उजव्या हाताची तर्जनी तळवड्याच्या एका प्रेस-शॉपमध्ये मुळापासून गेलेली. घर निगडीच्या ओटा स्कीममध्ये, मूळ गाव लातूरकडचे. भरपाई काय मिळाली, असे विचारले तेव्हा म्हणाला, “सर, ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं. चूक माझीच होती ना.”

ही चूक खरोखर कोणाची, ते नीट पाहिले पाहिजे.

पॉवर प्रेसमध्ये वरचा साचा प्रचंड दाबाने खालच्या साच्यावर येतो आणि पत्र्याला आकार देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात कामगार हाताने पत्रा ठेवतो, तयार नग काढतो. पॅडलवर चालणाऱ्या प्रेसमध्ये हात आत असतानाच पाय दाबला जाऊ शकतो. क्लच झिजला असेल तर पाय न दाबताही दुसरा ठोका पडतो. यावरचे उपाय नवे नाहीत. आड जाळी लावता येते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारी रचना करता येते. हात आड येताच प्रेस थांबवणारा सेन्सर बसवता येतो. पण नग कमी निघतात म्हणून हे सारे काढून ठेवले जाते. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा घालणे हे कामगाराचे नव्हे, मालकाचे कर्तव्य आहे, असे 1948 च्या कारखाना कायद्यानेच ठरवले होते. सेफ इन इंडिया फाउंडेशन 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन-उद्योगात बोटे तोडणारे मुख्य यंत्र म्हणून त्यांतही पॉवर प्रेसच पुढे येतो.

आता हक्कांकडे वळू. भरपाईचा कायदा 1923 चा, कामगार राज्य विम्याचा 1948 चा. दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. गाभा मात्र तोच आहे. कायद्याने बोटाबोटाचा हिशेब मांडला आहे : अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरतात, पूर्ण तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, चारही बोटांना 50, पूर्ण पंजाला 60. विमा असलेल्या कामगाराला उपचाराच्या काळात मजुरीच्या सुमारे 90 टक्के मिळतात, आणि वैद्यकीय मंडळाने कायमचे अपंगत्व ठरवले की त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम मिळते. पंधरा हजार मजुरी असेल तर तर्जनीचे ढोबळ मानाने दरमहा 1,890 रुपये होतात. दुसरीकडे काम धरले म्हणून ते बंद होत नाहीत.

हे टक्केही अंतिम नाहीत. डावा हात गमावलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पूर्ण अपंग मानले. एका हाताने सुतारकाम होत नाही, एवढे साधे त्यामागचे कारण होते.

“चूक माझीच” या शब्दांनीही विम्याचा हक्क बुडत नाही. काम मालकाच्या धंद्यासाठी चालले असेल, तर एखादी सूचना मोडली एवढ्यावरून लाभ नाकारता येत नाही. इजेच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशीही अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क आहे. ठेकेदाराने नाव नोंदवले नसेल तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

मग अडते कुठे? नोंदीत अडते. अपघातानंतर घाईने नाव चढवतात. दवाखान्याच्या कागदावर “घरी लागले” असे लिहून घेतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच कागद बोलका केला पाहिजे. अपघाताच्या नोंदीत तारीख, वेळ आणि यंत्र यावे. केसपेपरवर “कामावर, प्रेसवर” असे लिहिलेले असावे. गेटपास, पगाराचा पुरावा आणि शेजारच्या यंत्रावरच्या साथीदाराचे नाव जपून ठेवावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आजच्या प्रेसवर विटाळ नाही. तिथे आपला हात चालतो. चालत नाही ते हजेरीपटावरचे आपले नाव. जमीन नसलेला, कायम नोकरी नसलेला माणूस ठेकेदाराच्या वहीत असतो आणि मालकाच्या वहीत नसतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. प्रा. अडारकरांनी आरोग्यविम्याची योजना आखली ती याच काळात, 1943-44 मध्ये. तेव्हा विम्याचे कार्ड ही कोणाची मेहेरबानी नाही, आपल्याच चळवळीच्या वाटेवर मिळालेली ती मिळकत आहे. ती मिळकत कामावर रुजू होण्याच्या दिवशीच मागावी. बोट गेल्यावर मागितली तर आधी सिद्ध करावे लागते की आपण तिथे होतो.

माझ्या विद्यार्थ्याला तेच सिद्ध करता आले नाही.