चौकट : एका शब्दाची घडण

आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधिमंदिराच्या महाद्वारांत हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी यात्रेचा आरंभ तिच्या पूजनानें होतो. ज्या समाजांत दाराच्या पायरीलाहि एवढा मान, त्या समाजानें दाराच्या सांगाड्याला कोणतें नांव दिलें हें पाहण्यासारखें आहे.

तें नांव चौकट. संस्कृत 'चतुष्काष्ठ', म्हणजे चार लांकडांचें, यावरून तें घडलें. हिंदींतील 'चौखट' त्याचेंच भावंड. दोन उभ्या दारबाह्या, वरची आडवी पट्टी, जिच्यावर जुन्या वाड्यांतून गणपति कोरलेला असे, आणि खालीं उंबरठा, हीं तीं चार लांकडें. शब्द सुताराच्या हातचा आहे, पंडिताच्या नव्हे. नॉर्वेजियन भाषेंत चौकटीला 'रामे' म्हणतात. हा शब्द उत्तर जर्मनीच्या बोलींतून तेथें गेला व त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ आधार किंवा खांब असा होता. इंग्रजी 'फ्रेम'च्या मुळाशीं उपयोगी पडणें, पुढें सरणें हा अर्थ आहे. त्या भाषांनीं वस्तूचें काम पाहिलें. मराठीनें लांकडें मोजलीं.

पुढें लांकूड गळालें व चार तेवढे राहिले. पत्त्यांतील चौकटीच्या राणीचा सुतारकामाशीं कांहीं संबंध नाहीं. आतां तर चारहि संशयांत आहेत. चाकणकडील नव्या इमारतींतून दाराची चौकट पुष्कळदां लोखंडी किंवा दगडी असते आणि उंबरठा गाळलेला असतो. म्हाताऱ्या पायांना ही सोयच झाली. बाजू तीन उरल्या, तरी गवंडी तिला चौकटच म्हणतो.

लाक्षणिक अर्थानें मात्र या शब्दावर थोडा अन्याय झाला आहे. 'चौकटीबाहेर पाहावें' हा उपदेश सर्रास ऐकूं येतो, आणि त्यांत चौकट म्हणजे कोंडवाडा असें गृहीत धरलेलें असतें. घरांतील चौकट कोणाला कोंडीत नाहीं. भिंतींत वाट पाडली कीं वरच्या विटा खालीं येऊं पाहतात. वरची पट्टी तो भार दोन बाह्यांवर घालते, म्हणून माणसाला ये-जा करतां येते.

१९७३ सालीं केशवानंद भारती खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, संसदेला राज्यघटना दुरुस्त करतां येईल, परंतु तिची मूलभूत चौकट मोडतां येणार नाहीं. मराठींत 'मूलभूत चौकट' हेच शब्द त्यासाठीं रूढ झाले, आणि ते सुताराच्या अर्थाला धरून आहेत. दाराच्या फळ्या केव्हांहि बदलतां येतात; चौकट काढावयाची तर आधीं भिंतीला टेकू द्यावा लागतो.