अर्धेलीचे गणित

वाटेकरी किती राबला हे दूरस्थ शेतमालकाला दिसत नाही; दिसते ती केवळ रास, आणि ती पावसावरही अवलंबून असते. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ साली याची मीमांसा प्रोत्साहन व जोखीम यांच्या अंगाने केली. संगणकावर या व्यवहाराचे प्रतिरूप रचताना मालकाच्या सूत्रात श्रमांचा आकडा शिरू देता कामा नये. शिरला, की प्रश्नच उरत नाही.

रास म्हणजे श्रम अधिक दैव, आणि श्रमांचा क्लेश त्यांच्या वर्गाच्या निम्मा, असे धरले तर वाटेकरी आपल्या हिश्शाइतकेच श्रम करतो. सारी रास दिल्यास तो पुरेपूर राबेल खरा. पण अवर्षणाचा सर्व भारही त्याच्याच माथी येईल. त्याची जोखमीविषयीची धास्ती आणि दैवाचे प्रचरण यांचा गुणाकार एक असेल, तर उभयतांच्या एकत्रित हिताचा वाटा नेमका निम्मा येतो. प्रचरण वाढले, की तो घटतो.

रूढी मात्र बहुधा निम्म्यावरच थांबते. ‘अर्धेली’प्रमाणे फ्रेंच ‘मेतेयाज’च्या मुळाशीही ‘अर्धा’ हाच अर्थ आहे. हवामान भिन्न असता वाटा एकच का, हे या प्रतिरूपाने उलगडत नाही.