झिजून नव्हे, मोजणी चुकून मेलेल्या डिस्क

‘हार्ड डिस्क गेली’ असं कुणी म्हटलं की आपण मनातल्या मनात कारण ठरवून मोकळे होतो. जुनी झाली असेल, तापली असेल, पोरांनी पाडली असेल. दुकानदारही यातलंच एखादं कारण देतो आणि नव्या डिस्कचा भाव सांगतो. पण 2008 च्या अखेरीस सीगेटच्या बाराकुडा 7200.11 मालिकेतल्या डिस्क बंद पडू लागल्या तेव्हा यातलं एकही कारण लागू पडेना. रात्री कॉम्प्युटर नीट शटडाऊन केलेला, सकाळी बटण दाबलं तर बायोसमध्ये डिस्कचं नावच नाही. कान लावावा तर आत तबकडी मजेत फिरतेय.

घोळ फर्मवेअरमध्ये होता. प्रत्येक डिस्कमध्ये तिचा स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. या डिस्क आपल्या घडामोडींची एक वही ठेवायच्या. 320 नोंदी झाल्या की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. वहीची शेवटची ओळ कुठली हे ठरवताना प्रोग्राम लिहिणाऱ्याची मोजणी एकाने चुकली. डिस्क सुरू होताना नोंदींचा आकडा नेमका 320 वर, किंवा त्यापुढे 256 च्या पटीत वाढून आलेल्या आकड्यावर असला, की पुढची नोंद कुठे करायची ते दाखवणारी खूण वहीच्या बाहेर पडायची. काहीतरी बिघडलंय एवढं फर्मवेअरला कळायचं आणि ते स्वतःला आतून कडी लावून घ्यायचं. मग कितीदाही बंद-चालू करा, आकडा पुढे सरकतच नाही, त्यामुळे कडी निघत नाही. कारखान्यात डिस्कची चाचणी कुठल्या यंत्रावर झाली यावरही हे अवलंबून होतं, म्हणून एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्कपैकी एक गेली आणि दुसरी चालत राहिली असं घडू शकत होतं. शिवाय चूक उघडी पडायची ती फक्त डिस्क सुरू होताना. म्हणजे काम झालं की मशीन बंद करणारी शिस्तीची माणसंच यात जास्त अडकण्याची शक्यता.

‘बायोसमध्ये दिसत नाही म्हणजे डेटा गेला’ हा पहिला गैरसमज इथेच निकालात निघतो. डेटा जागच्या जागी होता. हात चालवणाऱ्यांनी तो स्वतः काढला, आणि ती रीत मला आजही पाहत राहावीशी वाटते. हिरव्या बोर्डाचे स्क्रू सैल करायचे, बोर्ड आणि मोटरची टोकं यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवायचा, नोकियाच्या जुन्या सीए-42 डेटा केबलच्या तारा सोलून डिस्कच्या सिरियल पिनांना जोडायच्या, टर्मिनल 38,400 बॉडवर ठेवायचं आणि कंट्रोल-झेड दाबायचं. डिस्क उत्तर द्यायची! मग मोटर थांबवायचा हुकूम, कपटा बाहेर, स्क्रू घट्ट, मोटर पुन्हा सुरू, दोन-तीन आज्ञा, आणि सगळे फोटो होते तिथे. ज्यांना हे जमणार नव्हतं त्यांच्यासाठी कंपनीने डेटा फुकट काढून द्यायची तयारी दाखवली.

जानेवारी 2009 मध्ये दुरुस्त फर्मवेअर आलं, एसडी1ए नावाचं. आणि ते घातल्यावर 500 जीबीच्या काही धडधाकट डिस्क बंद पडल्या! कंपनीला ते मागे घेऊन काही दिवसांत सुधारून पुन्हा द्यावं लागलं. तेव्हा ‘अपडेट आलंय ना, मग आजच टाका’ हेही खरं नाही. माझा रिवाज असा: आपल्या मॉडेलसाठी कंपनीने धोक्याची सूचना काढली असेल तर टाळाटाळ करायची नाही, सूचना नसेल आणि नुसताच ‘कार्यक्षमता वाढेल’ असा मजकूर असेल तर दोन-चार आठवडे थांबलं तरी काही अडत नाही.

‘चालतंय तर हात लावू नका’ हा सल्ला मात्र कधीकधी महागात पडतो. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हरमधल्या एसएसडींबद्दल सूचना काढली: एचपीडी8 च्या आधीचं फर्मवेअर असेल तर 32,768 तास पूर्ण होताच ड्राइव्ह मरेल. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. प्रोग्रामिंग केलेला माणूस आकडा वाचताच कपाळावर हात मारतो. सोळा बिटांच्या खोक्यात ऋण-धन दोन्ही आकडे मावायचे असतील तर सर्वांत मोठा आकडा 32,767. त्यात आणखी एक मिळवला की मोजणी उलटून थेट ऋण 32,768 वर जाते. इथे सिरियल केबलची मात्राही चालणार नव्हती, कारण एकदा ड्राइव्ह गेला की ना तो परत येणार ना डेटा, असं त्या सूचनेतच म्हटलं होतं. मार्च 2020 मध्ये तशीच दुसरी सूचना आली, या वेळी 40,000 तासांची.

‘आमच्याकडे रेड आहे, एक डिस्क गेली तरी फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणं. त्याचा हिशोब असा की डिस्क वेगवेगळ्या वेळी जातील आणि मधल्या वेळात आपण नवी लावू. पण समजा सर्व्हरमध्ये आठ एसएसडी आहेत आणि तो घेतला त्या दिवशी आठही एकत्र चालू झाल्या असतील तर आठही जणींचा 32,768 वा तास एकाच सुमारास भरणार.

आता उलट टोक. डिस्क टकटक करतेय, फायली उघडायला मिनिटं लागतायत, आणि कुणी सांगतं, ‘फर्मवेअर मारून बघ.’ अजिबात नको. फर्मवेअर चुकलेली मोजणी सुधारतं. खरवडलेली तबकडी आणि वाकलेलं हेड त्याला दुरुस्त करता येत नाही. अशा डिस्कवर काहीही लिहिणं म्हणजे उरलेला डेटाही पणाला लावणं. आधी कॉपी काढा. एसएसडीच्या बाबतीतही तेच: सॅमसंगच्या 990 प्रो या एसएसडीचं ‘आरोग्य’ भराभर घसरत होतं तेव्हा फेब्रुवारी 2023 च्या अपडेटने घसरण थांबली, पण आधी गेलेले टक्के परत आले नाहीत.

‘फॉरमॅट मारला की सगळं नवं’ हेही तसंच. फॉरमॅट आपल्या भागापुरता असतो. हार्ड डिस्कचं फर्मवेअर थोडं बोर्डवरच्या चिपमध्ये आणि बरंचसं तबकडीवरच्या राखीव पट्ट्यांवर असतं; तिथे फॉरमॅट पोचत नाही. याच कारणाने दुसऱ्या डिस्कचा तसाच बोर्ड आणून बसवला तरी आजच्या डिस्क सहसा चालत नाहीत: त्या चिपमध्ये त्या-त्या डिस्कपुरती जुळवणी लिहिलेली असते.

विंडोजच्या अपडेटमधून डिस्कचं फर्मवेअर आपोआप येत असेल, या भरवशावरही राहू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. मॉडेल, फर्मवेअरचा क्रमांक आणि डिस्क एकूण किती तास चालली ते एकाच खिडकीत दिसतं. मग कंपनीच्या साइटवर तेच मॉडेल अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. लॅपटॉपबरोबर आलेली डिस्क असेल तर लॅपटॉपच्या कंपनीकडे पाहा, कारण तिचं फर्मवेअर वेगळं असू शकतं. यूएसबी डबीत बसवलेल्या डिस्कला अपडेट बहुतेकदा पोचतच नाही, ती मशीनमध्ये जोडावी लागते. डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा, लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा. अपडेट मिनिटभराचं असतं, पण लाइट त्याच मिनिटाला जाऊ शकते. झालं की नुसतं रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि क्रमांक बदललाय का ते त्याच खिडकीत बघा.