जुन्या मोबाईल बिलाची नोटीस आली? घाबरू नका, पण फाडूनही टाकू नका

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली, की पोस्टमनच्या थैलीत एकसारखी पाकिटं दिसू लागतात. वर विधी सेवा समितीचं नाव, आत छापील कागद, आणि खाली रक्कम. कुणाला आठशे, कुणाला तीन हजार. कधीकाळी घेतलेल्या पोस्टपेड सिमचं, नाहीतर नेटसाठी आणलेल्या डोंगलचं हे बिल. त्याच सुमारास फोनही सुरू होतात : "आजच भरा, नाहीतर वॉरंट निघेल, पोलीस घरी येतील."

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईलचं बिल थकणं हा गुन्हा नाही. हा पैशाचा दिवाणी वाद आहे. नुसत्या थकीत बिलासाठी पोलीस येत नाहीत आणि वॉरंटही निघत नाही. कंपनी जुन्या थकबाकीची यादी वसुली एजन्सीला देते. एजन्सीच्या माणसाला जप्तीचा, घरात शिरण्याचा किंवा गावात बदनामी करण्याचा कसलाही अधिकार नसतो. शिवीगाळ, धमकी झाली तर फोन रेकॉर्ड करून ठेवा आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकावणं हा गुन्हा आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. वसुली एजंटांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे जे नियम आपण ऐकतो, ते बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्जासाठी आहेत. फोन कंपनीच्या एजंटापुढे ते नियम सांगून उपयोग नाही.

आता हातातला कागद नेमका कसला, ते बघा. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याने वकिलामार्फत पाठवलेलं पत्र, कोर्टाचा हुकूम नव्हे. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे तडजोडीला बोलावणं. तिथे दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. गेला नाहीत म्हणून अटक होत नाही, की एकतर्फी हुकूमही होत नाही. पण तडजोडीवर सही केली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून "इथे सही करा, अर्धं माफ" असं कुणी म्हटलं तरी वाचल्याशिवाय पेनाला हात लावू नका.

दोन कागद मात्र बाजूला ठेवायचे नाहीत. एक, दिवाणी न्यायालयाचं समन्स. त्यावर दाव्याचा नंबर आणि शिक्का असतो. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. दुसरा, 'स्थायी लोकअदालती'ची नोटीस. नाव सारखं वाटतं, पण टेलिफोनसारख्या सार्वजनिक सेवांच्या वादात तडजोड झाली नाही तर स्थायी लोकअदालत स्वतः निर्णय देऊ शकते. 'स्थायी' हा शब्द दिसला की जायचंच.

आणि रकमेच्या आधी तारीख बघा. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. शेवटचं बिल सात-आठ वर्षांपूर्वीचं असेल आणि मधे काहीच लेखी झालेलं नसेल, तर कंपनीला कोर्टाचा रस्ता बहुधा बंद झालेला असतो. एजंटलाही हे माहीत असतं. म्हणूनच तो गोड बोलून म्हणतो, "दादा, आत्ता पैसे नसतील तर राहू द्या, फक्त पुढच्या महिन्यात देतो असं लिहून द्या." हीच खरी मेख! मुदत संपलेलं देणं फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे त्यावर नव्याने दावा होऊ शकतो. मुदत संपायच्या आत थोडे पैसे भरले किंवा देणं लेखी मान्य केलं, तरी तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

बिल मान्य नसेल तर गप्प बसू नका, लेखी कळवा. साध्या कागदावर एवढं पुरे : "सदर रक्कम मला मान्य नाही. माझ्या सहीचा मूळ अर्ज, महिनावार बिलं, अनामत रकमेचा हिशेब आणि वसुलीसाठी कंपनीने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र पाठवावं." स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. एक प्रत थेट कंपनीलाही द्या. कंपनीचा तक्रार क्रमांक १९८ आहे. नंबर बंद असेल तर वेबसाईटवरच्या ईमेलवर लिहा. डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय तक्रार झाली असं समजू नका. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे अर्ज करून वेळ घालवू नका.

त्यापुढे ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. फोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अटही नाही.

सिम आपण घेतलंच नसेल तर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. नको तो नंबर तिथूनच कळवता येतो. बिल वारलेल्या वडिलांच्या नावाचं असेल तर मुलाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, स्वतःच्या खिशातून नाही.

बिल खरोखर आपलंच असेल आणि अलीकडचं असेल, तर ते भरलेलं बरं. टेलिकॉम कंपन्याही थकबाकी सिबिलसारख्या संस्थांना कळवतात, आणि पोर्ट करून नेलेला नंबरही जुन्या कंपनीच्या थकबाकीपोटी बंद होऊ शकतो. रिपोर्टात चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली काढावी लागते. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पीककर्जाच्या हंगामाआधी तो काढून बघा.

पैसे भरताना एजंटच्या मोबाईलवर किंवा त्याच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. कंपनीच्या ॲपवर किंवा दुकानातच भरा, आणि 'थकबाकी नाही' असं कंपनीचं पत्र घ्या. सूट ठरली असेल तर ती आधी लेखी घ्या, नाहीतर उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या एजन्सीचा फोन येतो. "दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील" असा ट्रायच्या नावाने फोन आला तर तो वसुलीवालाही नव्हे, सरळ भामटा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.