आईचा शालू आणि कसर

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे आमचे गाव. नोकरी शहरात, कॉलेजात मराठी शिकवण्याची. पण दिवाळीची साफसफाई म्हटली की पावले गावच्या घराकडे वळतात. त्या वर्षी कारणही तसेच होते. पुतणीचे लग्न ठरले होते आणि आजीचा शालू नेसूनच बोहल्यावर चढायचे, असा तिचा हट्ट होता.

आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिची लोखंडी ट्रंक आम्ही होती तशीच ठेवली होती. ती उघडायला कोणाचे मनच धजत नव्हते. वहिनींनी कडी काढली, वरची शाल उचलली आणि "अगबाई!" म्हणून मटकन खालीच बसल्या. शालीची चाळण झाली होती. खालच्या शालूलाही निऱ्यांच्या जागी मुगाएवढी भोके पडली होती.

"उंदीर!" दादा म्हणाले. "कसर लागली," वहिनी म्हणाल्या. मी चष्मा पुसून पाहिले. घडीत गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, अंगभर पट्टे आणि केस असलेल्या अळ्या होत्या. त्यांच्या वाळक्या कातीही होत्या. इतक्यात शेजारचे काका आले. त्यांचा जन्म धान्याच्या व्यापारात गेलेला. एक अळी तळहातावर घेऊन ते म्हणाले, "भाऊ, हा उंदीर न्हाय. याचा भाऊबंद माह्या गव्हात असते. खपरा म्हंतात त्याले."

काकांचे निदान अचूक होते. गालिच्यांवर पडणारे हे भुंगेरे आणि धान्यातला खपरा एकाच, डर्मेस्टिडी नावाच्या कुळातले. खपरा काही साधासुधा नव्हे. १९५३ मध्ये तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गोदामांत सापडला, तेव्हा आख्ख्या इमारती ताडपत्रीने झाकून विषारी धुरी द्यावी लागली होती. आमच्या ट्रंकेतला होता त्याचा चुलतभाऊ, अँथ्रेनस. लिनीअसने १७६१ मध्ये त्याच्या एका जातीला नाव दिले, त्यातच 'संग्रहालयांचा' असा अर्थ आहे. कारण पेंढा भरलेले पशुपक्षी हे त्याचे पक्वान्न!

गंमत अशी की, नुकसान करते ती अळी. मोठा भुंगेरा अगदी निरुपद्रवी. तो दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर, पाठीवर पांढरे-पिवळे ठिपके असलेला. फुलांतले पराग खातो, उजेडाकडे धावतो. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर असे बारीक भुंगेरे मेलेले दिसले, तर ती पहिली सूचना समजावी. अळी मात्र अंधारात राहते आणि लोकर, रेशीम, पिसे, केस, चामडे असे प्राणिज पदार्थ खाते. शुद्ध सुती कापड तिला सहसा आवडत नाही. पण त्यावर घामाचा किंवा वरणाचा डाग असला, तर तेही चालते. भोकांजवळ रेशमी जाळे दिसले तर ते कापडातल्या पतंगाच्या अळीचे काम. जाळे नाही आणि केसाळ काती आहेत, तर ही अळी. ती चावत नाही, पण तिच्या केसांनी काहींच्या अंगावर खाज सुटून पुरळ उठते.

मग आम्ही उगम शोधू लागलो. ट्रंकेच्या बरोबर वर, तुळईच्या खोबणीत चिमण्यांचे जुने, रिकामे घरटे होते. पिसांनी भरलेले! तिथे ही वसाहत वाढली आणि खालच्या लोकरीवर उतरली. घरटे बाहेर नेऊन जाळले, फटीफटींतून ब्रश फिरवला आणि केरही लगेच घराबाहेर टाकला. शहरात हेच काम व्हॅक्यूम क्लीनरने उत्तम होते. मात्र त्याची पिशवी लगेच रिकामी करावी.

कपड्यांना ऊन दाखवून, झटकून ब्रश मारला की अळ्या आणि अंडी बरीचशी गळतात. नाजूक वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवले, तर उरलेलीही मरतात. शालूवर आम्ही हाच प्रयोग केला. कपडा पेटीत ठेवायचा तो स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच थोडाफार उपयोग करतात. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड आपल्या आज्या ठेवीत. पण लागलेली कीड त्यांनी मरत नाही. कीटकनाशक मारायचेच, तर फटींत आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. कपड्यांवर कधीही नाही.

शाली-गालिच्यांच्या दुकानदारांनी नवा माल जुन्याला चिकटून ठेवू नये, आधी वेगळा ठेवून तपासावा. कोपऱ्यांत चिकट सापळे लावावेत. भजनी मंडळांनी पेटीचे आतले फेल्ट आणि भात्याचे चामडेही अधूनमधून पाहावे.

'कसर' या शब्दाचे दोन अर्थ मी दरवर्षी वर्गात सांगतो: एक कापड खाणारी कीड, दुसरा उणीव. दोन्ही त्या ट्रंकेत एकदम भेटले. आईची आठवण म्हणून आम्ही तिच्या वस्तूंना हात लावला नाही, आणि हात न लावल्यामुळेच त्या गमावत होतो.

शालूचा पदर शाबूत होता. रफूगाराने निऱ्या जमतील तितक्या सांधल्या. पुतणी म्हणाली, "काका, निऱ्या दिसतात कोणाला? पदर आजीचाच आहे ना!" आणि ती तोच नेसली. आता तो शालू तिच्या घरी आहे. दर दिवाळीला तो बाहेर काढून झटकायचा, अशी अट घालूनच वहिनींनी तो तिच्या हाती दिला.