समीकरणाच्या वर-खालची जागा कमी-जास्त का होते?

थिसिसचा ड्राफ्ट गाइडकडून परत आला की एक शेरा हमखास असतो: 'समीकरणांभोवतीची जागा एकसारखी करा.' मग आपण काय करतो? प्रत्येक समीकरणाच्या आधी व्हीस्पेस टाकतो, कुठे उणे ८ पॉइंट, कुठे उणे ५. दोनशे समीकरणं असली तर दोनशे ठिकाणी. पुढे परीक्षकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला की ओळी सरकतात, पानं बदलतात आणि डोळ्यांनी जुळवलेलं सगळं मुसळ केरात. आपला थिसिस पुढे शोधगंगेवर कायमचा राहणार आहे, म्हणून हे एकदा नीट समजून घ्या.

लाटेकमध्ये ही जागा ठरलेली आहे, पण ताठ नाही. १२ पॉइंटच्या रिपोर्ट क्लासमध्ये समीकरणाच्या वर आणि खाली साधारणपणे १२ पॉइंट, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास जागा असते. सोबत 'प्लस ३, मायनस ७' असंही लिहिलेलं असतं. पान भरायला कमी पडत असेल तर जागा ३ पॉइंट ताणायची मुभा, पान दाटत असेल तर ५ पॉइंटपर्यंत आवळायची मुभा. अकोट-हिवरखेड एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसतो तसंच हे. फरक इतकाच की लाटेक ५ च्या खाली अजिबात आवळत नाही, आणि एसटीचं तुम्हाला माहीतच आहे.

बरं, मग एकाच पानावर दोन समीकरणांच्या वरची जागा वेगळी का दिसते? बरेच जण याला लाटेकची चूक समजतात. ती चूक नाही. वरची ओळ 'म्हणून' एवढ्यावरच संपली आणि समीकरण पानाच्या मध्यावर सुरू झालं, तर त्या ओळीचा उरलेला भाग आधीच मोकळा असतो. वर आणखी १२ पॉइंट सोडले तर भगदाड पडल्यासारखं दिसेल. म्हणून अशा वेळी वरची जागा ० प्लस ३ आणि खालची साडेसहा पॉइंट धरली जाते. हा नियम डोनाल्ड नुथ यांच्या मूळ टेकमधला. १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून ते इतके नाराज झाले की अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला बसले. मला विचाराल तर हा नियम मोडू नका. गाइडना समजावून सांगा.

खरा घोटाळा बहुतेक वेळा वेगळाच असतो. फाइल वाचायला सुटसुटीत दिसावी म्हणून आपण समीकरणाच्या आधी एक ओळ कोरी सोडतो. कोरी ओळ म्हणजे लाटेकसाठी नवीन परिच्छेद. इक्वेशन एन्व्हायर्नमेंटच्या आधी ती आली की एक रिकामी ओळ छापली जाते आणि वरची जागा एकदम फुगते. शिवाय ओळ या पानावर आणि समीकरण पुढच्या पानावर असंही होऊ शकतं. एरवी तसं तुटायला लाटेकची बंदी असते. समीकरणानंतर कोरी ओळ सोडली तर पुढचं 'जिथे क्ष म्हणजे...' हे वाक्य नव्या परिच्छेदासारखं आत सरकून सुरू होतं. सुटसुटीतपणा हवाच असेल तर कोऱ्या ओळीत नुसतं टक्क्याचं चिन्ह टाका. आधी एवढं करून पाहा. पुष्कळदा शेरा इथेच मिटतो.

तरीही आकडे बदलायचे असतील तर ते एकाच जागी बदला. चार नावं आहेत: अबव्ह-डिस्प्ले-स्किप, बिलो-डिस्प्ले-स्किप, आणि आखूड ओळीसाठी यांच्याच मध्ये 'शॉर्ट' घातलेली दोन. टाईप करताना आधी बॅकस्लॅश, सगळी अक्षरं स्मॉल, मध्ये डॅश नाही. इथे बरेच जण अडकतात: प्रिअँबलमध्ये आकडे लिहिले, पीडीएफमध्ये काहीच फरक नाही! कारण डॉक्युमेंट सुरू होताना नॉर्मलसाइझ ही कमांड चालते आणि मूळ आकडे परत आणते. म्हणून तुमचे आकडे ॲट-बिगिन-डॉक्युमेंटच्या कंसात ठेवा किंवा डॉक्युमेंट सुरू झाल्यावर लिहा. पुढे मजकुरात कुठे नॉर्मलसाइझ परत वापरलं तर तिथून पुन्हा मूळचेच आकडे लागू होतात, हेही ध्यानात असू द्या. आणि प्लस-मायनस काढून टाकू नका, नाहीतर पान जुळवायला लाटेककडे काही उरत नाही.

दीडपट ओळअंतर मागितलं असेल तर सेटस्पेस पॅकेज वापरतोच आपण. त्यात ओळी लांब गेल्यामुळे समीकरणाभोवतीची जागाही जास्त वाटते. ती कमी करायला त्याच पॅकेजमध्ये सेट-डिस्प्ले-स्किप-स्ट्रेच आहे, त्याला १ पेक्षा लहान आकडा द्या.

अलाइन वापरताना शेवटच्या ओळीनंतर दोन बॅकस्लॅश राहिलेत का, तेही बघा. राहिले असतील तर खाली एक रिकामी ओळ तयार होते, आणि क्रमांक देणारं अलाइन असेल तर त्या रिकाम्या ओळीलाही समीकरण क्रमांक मिळतो.