शनवार तेली

कोंकणांतील जुन्या कुलाबा जिल्ह्यांत 'शनवार तेली' या नांवानें एक समाज ओळखला जात असे. नांव ऐकून ही शनीची उपासक मंडळी असावीत, असें कोणासही वाटेल. वस्तुतः हे लोक यहुदी. 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलाचे पुत्र, हें त्यांचें स्वतःचें नांव. 'शनवार तेली' हें शेजाऱ्यांनीं दिलेलें.

अशीं नांवें देण्याची आपल्याकडे रीतच होती. नागपूर-मौदा भागांत घाण्यास किती बैल जुंपतात यावरून एकबैले व दोनबैले तेली असा भेद करीत. कोंकणांत घाणा कोणत्या वारीं बंद, एवढेंच पाहिलें. सोमवार पाळणारे ते सोमवार तेली, शनिवार पाळणारे ते शनवार तेली. धर्माची चौकशी कोणी केली नाहीं.

'तेली' शब्दाचें मूळ तिळांत आहे. तिळांपासून निघालेलें तें तैल. 'शनि' म्हणजे मंद गतीनें चालणारा ग्रह. यहुद्यांचा त्याच्याशीं संबंध नाहीं. त्यांचा शब्द 'शब्बाथ', आणि हिब्रू भाषेंत त्याच्या धातूचा अर्थ थांबणें, काम सोडणें. त्या भाषेंत बाकीचे सहा वार पहिला, दुसरा असे नुसते मोजतात. स्वतःचें नांव आहे तें सातव्यालाच. मौज अशी कीं, शनि ग्रहाला हिब्रूंत 'शब्बताय' म्हणतात. आपल्याकडे ग्रहावरून वार, तर तिकडे वारावरून ग्रह!

नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून आपले पूर्वज येथें आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. पुढें ग्रंथ राहिले नाहींत, हिब्रू भाषा गेली, मराठी हीच मातृभाषा झाली. दिवे गांवचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर झाले. शनिवारीं घाणा मात्र फिरला नाहीं. एक दिवसाची मजुरी बुडणें हातावर पोट असणाऱ्याला लहान गोष्ट नव्हे. दावीद रहाबी नांवाच्या परदेशी यहुद्यानें त्यांस स्वधर्मीय म्हणून ओळखलें तें अशाच राहिलेल्या आचारांवरून, असें सांगतात. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें.

१९४८ नंतर पुष्कळ कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें कांहीं धर्मगुरूंनीं, इतकीं शतकें एकाकी राहिलेल्यांचे विवाह-घटस्फोट शास्त्राप्रमाणें झाले असतील काय, अशी शंका काढली व त्यांच्या लग्नांस अडथळा आला. मोठी चळवळ झाली, आणि अखेर १९६४ सालीं ते सर्वार्थानें यहुदी होत, असें मान्य करावें लागलें. कोंकणच्या खेड्यांत तें त्यांच्या नांवांतच नोंदलेलें होतें.